उभे कुठे राहायचे

मोटार रॅलीचे छायाचित्र पाहिले की आधी वेग दिसतो. चाकांखालून उसळलेली खडी, जमिनीपासून हातभर वर उचललेली गाडी, मागे उठलेला धुळीचा लोट. आणि कडेला, बहुधा उभ्या ओळीत, बारीक अक्षरांत कुणाचे तरी नाव. त्या नावाच्या माणसाचे बोट चपळ असणार, कॅमेरा महागडा असणार आणि वर थोडे नशीबही असणार, असे आपण धरून चालतो. वर्तमानपत्राच्या किंवा कंपनीच्या पगारावर नसलेला, पदरच्या खर्चाने रॅलीमागे फिरणारा हा फ्रीलान्स छायाचित्रकार या पुस्तकाचा विषय आहे, आणि त्याचे काम समजून घ्यायचे तर हा समज आधी बाजूला ठेवावा लागेल. माझे म्हणणे असे की या कामात बोटापेक्षा पायांचा वाटा मोठा असतो. छायाचित्राचा निकाल गाडी दिसण्याच्या कितीतरी आधी लागलेला असतो, उभे कुठे राहायचे हे ठरते तेव्हा. त्या एका निर्णयात त्याची कला येते, जिवाचा धोका येतो आणि पोटाचा प्रश्नही येतो. या तिन्ही गोष्टींची चर्चा आपल्याकडे झाली तर सुटी सुटी होते, म्हणून ती भलतीकडे जाते.

सर्किटवरच्या शर्यतीत गाडी फिरून पुन्हा समोर येते. पहिल्या फेरीत हुकलेले पाचव्या फेरीत साधता येते. मागची जाहिरातीची पाटी खुपली तर पन्नास पावले सरकता येते. रॅलीत ही सोय नाही. एरवी रहदारीचे असलेले रस्ते काही तास बंद करून त्यांवर ‘स्पेशल स्टेज’ आखतात आणि गाड्या ठरावीक मिनिटांच्या अंतराने एकेक करून सोडतात. समोरासमोर कुणी नसते, लढत घड्याळाशी असते. शेजारी बसलेला को-ड्रायव्हर रेकीच्या वेळी लिहून घेतलेल्या पेसनोट्स वाचत असतो, त्यामुळे पुढचे वळण चालकाला दिसण्याआधी ऐकू आलेले असते. अशी एक स्टेज वीस किलोमीटरची धरू आणि छायाचित्रकाराला त्याच्या जागेवरून रस्त्याचा शंभर मीटरचा तुकडा दिसतो असे मानू. म्हणजे स्टेजचा दोनशेवा हिस्सा त्याच्या वाट्याला आला. ताशी १०० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी तो तुकडा ३.६ सेकंदांत ओलांडते. तीच स्टेज दुपारी पुन्हा चालवणार असतील तर आणखी एकदा संधी मिळते, एरवी नाही. उरलेल्या १९९ हिश्श्यांत काय घडले ते त्याला संध्याकाळी सर्व्हिस पार्कमध्ये चेपलेली दारे आणि फुटलेले दिवे पाहून कळते.

मग दोनशेपैकी कोणता तुकडा निवडायचा? मुरलेला माणूस आदल्या दिवशी किंवा त्याच्याही आधी तो रस्ता स्वतः फिरून घेतो. सकाळी सव्वाआठला पहिली गाडी येणार असेल तर त्या वेळी ऊन कुठून येईल आणि पंधरावी गाडी येईपर्यंत सूर्य डोंगराच्या कडेवरून किती वर सरकलेला असेल, हे त्याला आजच ठरवायचे असते. वाऱ्याचा अंदाज घ्यावा लागतो. रस्त्याला आडवा वारा असेल तर धूळ बाजूला निघून जाते. वारा पडला तर ती झाडांमध्ये तशीच तरंगत राहते, उलट्या उन्हात देखणी दिसते, आणि पुढची गाडी मात्र तिच्यात दिसेनाशी होते. चिकमगळूरच्या कॉफीच्या मळ्यांत सिल्व्हर ओकची सावली इतकी दाट असते की भर दुपारी आयएसओ चढवावा लागतो, आणि पानांतून गळलेला एखादा कवडसा नेमका गाडीच्या काचेवर पडून चित्र बिघडवतो. राजस्थानच्या वाळूत अडचण उलटी. तिथे ऊन वर चढले की सावल्या आखडतात आणि टेकाडांचा आकारच नाहीसा होतो. लडाख-स्पितीच्या बाजूला हवा स्वच्छ, आकाश गडद. पण हवा विरळ असल्याने पाठीवर लेन्सचे ओझे घेऊन चढ चढताना जागा गाठेपर्यंत दम निघतो. गाडी उडी घेईल असा उंचवटा निवडला तर गाडीचे पोट दिसते, चालकाचा चेहरा दिसत नाही. आतून कापता येईल असे वळण निवडले तर स्टिअरिंगवरची पकड, हेल्मेटमधले डोळे, मान खाली घालून वाचणारा को-ड्रायव्हर हे सगळे मिळते, पण उडी मिळत नाही. शिवाय पहिल्या गाडीच्या बराच आधी रस्ता बंद होतो आणि आत गेलेला माणूस शेवटची गाडी जाऊन रस्ता उघडेपर्यंत आत अडकतो. या स्टेजवर थांबायचे ठरवले म्हणजे तेवढ्या वेळात दुसरीकडे चाललेली स्टेज सोडून दिली. काय घ्यायचे याहून काय सोडायचे हे ठरवणे अवघड, आणि कॅमेऱ्याची पिशवी उघडण्यापूर्वीच ते ठरवून झालेले असते.

यावर पहिला आक्षेप यंत्राच्या बाजूने येतो, आणि तो पोकळ नाही. रिळाच्या काळात कॅमेऱ्यात छत्तीस चित्रे असत. मोटरड्राइव्ह लावून बटण दाबून धरले तर सहा-सात सेकंदांत रीळ संपे आणि ते बदलत असताना हमखास सर्वांत चांगली गाडी निघून जाई. फोकस हाताने करावा लागे, म्हणजे रस्त्यावरचा एखादा दगड हेरून त्यावर तो आधीच बांधून ठेवायचा आणि गाडी त्या दगडाशी येताच बटण दाबायचे. १९८५ साली मिनोल्टा ७००० आला आणि ऑटोफोकस कॅमेऱ्याच्या अंगातच बसला. आज कॅमेरा गाडी ओळखतो, तिच्यातले हेल्मेट ओळखतो आणि त्याला धरून राहतो. २०२१च्या निकॉन झेड ९ मध्ये यांत्रिक शटर उरलेलेच नाही. सोनीने २०२३ मध्ये जाहीर केलेला ए ९ थ्री सेकंदाला १२० चित्रे घेतो. मग कसब उरले कुठे, असे विचारणाऱ्याला मी वरचाच हिशेब पुढे चालवून दाखवीन. १२० चित्रे दर सेकंदाला, म्हणजे ३.६ सेकंदांत ४३२. ही सगळी एकाच जागेवरून काढलेली असतात. पार्श्वभूमीला विजेचा खांब असेल तर तो ४३२ चित्रांत असतो. ऊन मागून असायला हवे होते आणि पुढून आले, तर ते ४३२ वेळा पुढून आले. बोटाचे काम यंत्राने उचलले हे खरे. पण त्यामुळे दोन छायाचित्रकारांमधला फरक पुसला न जाता उलट जागेपुरता उघडा पडला. पूर्वी चांगली जागा निवडूनही फोकस चुकल्यामुळे चित्र हातचे जाई. आता जागा चुकली असेल तर लपवायला आडोसाच राहिलेला नाही.

यंत्राबद्दल आणखी एक गैरसमज आहे, तो म्हणजे शटर जितके जलद तितके वेगाचे चित्र चांगले. १/४००० सेकंदात ताशी १०० किलोमीटरची गाडी जेमतेम सात मिलिमीटर सरकते. चित्र लख्ख येते, चाकांच्या आऱ्या मोजता येतात, आणि गाडी कुणीतरी रस्त्यात उभी करून ठेवल्यासारखी दिसते. १/६० सेकंदात तीच गाडी ४६ सेंटिमीटर पुढे जाते. आता कॅमेरा तिच्याबरोबर त्याच गतीने वळवत नेला, म्हणजे पॅनिंग केले, तर गाडी बऱ्यापैकी स्पष्ट राहते आणि मागचे झाड, माणसे, कुंपण यांच्या आडव्या रेघा होतात. बऱ्यापैकीच, कारण नुसत्या लोळणाऱ्या चाकाचा जमिनीला टेकलेला बिंदू क्षणभर स्थिर असतो आणि माथ्यावरचा बिंदू गाडीच्या दुप्पट वेगाने जात असतो, तेव्हा एकाच गाडीत सगळे काही एकसारखे स्पष्ट येणे शक्यच नाही. काय स्पष्ट ठेवायचे आणि काय पुसू द्यायचे हे कुणीतरी ठरवावे लागते. याचा सर्वांत प्रसिद्ध पुरावा शंभर वर्षांहून जुना आहे. झाक-आंरी लार्तिग या विशीही न गाठलेल्या फ्रेंच मुलाने पहिल्या महायुद्धापूर्वी फ्रेंच ग्रां प्रीमध्ये धावत्या गाडीचे चित्र काढले. त्याच्या कॅमेऱ्यातली शटरची फट दृश्याचा खालचा भाग आधी आणि वरचा नंतर टिपत होती. त्याने कॅमेरा गाडीबरोबर वळवला, पण गाडीच्या गतीला तो पुरा पडला नाही. परिणाम असा की चाक लंबगोल होऊन पुढे झुकले आणि प्रेक्षक उलट्या बाजूला कलले. गाडीचा पुढचा भाग तर चौकटीच्या बाहेरच गेला. लार्तिगने ते फसलेले चित्र समजून कितीतरी वर्षे बाजूला ठेवले होते. १९६३ मध्ये न्यू यॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टने त्याच्या छायाचित्रांचे प्रदर्शन भरवले तेव्हा तो जगाला माहीत झाला, आणि आज वेगाच्या छायाचित्रणाविषयीचे कोणतेही पुस्तक त्या लंबगोल चाकाला टाळून पुढे जात नाही. आता हे चित्र नशिबाचे उदाहरण म्हणून सांगता येईल, सांगतातही. पण मुलगा रस्त्याच्या अगदी कडेला उभा होता, आणि त्या अंतरावर गाडीची आडवी गती इतकी जास्त भासते की शटर तिच्यामागे पडणारच. वीस पावले मागे उभा राहिला असता तर चाक गोलच आले असते. नशिबाच्या मुद्द्यावर मला एवढेच म्हणायचे आहे.

दुसरा आक्षेप अधिक आजचा. जागतिक रॅली स्पर्धेच्या सगळ्या स्टेज २०१८ पासून थेट दाखवल्या जातात. गाडीत कॅमेरा, डोक्यावर हेलिकॉप्टर, शेजारी ड्रोन. वीस किलोमीटरचा रस्ता संपूर्ण दिसत असताना शंभर मीटरवाल्याची गरज काय? याचे एक उत्तर दृष्टीचे आहे. हेलिकॉप्टरमधून चढउतार सपाट होतात, गाडीतल्या कॅमेऱ्यातून गाडीच दिसत नाही. रस्त्याच्या कडेला उभ्या माणसाच्या उंचीवरून मात्र गाडी, डोंगर आणि माणूस यांचे एकमेकांशी असलेले प्रमाण कळते. पण मला महत्त्वाचे वाटते ते दुसरे उत्तर, स्मृतीचे. ज्या रॅलींना असले प्रक्षेपण कधी लाभलेच नाही, त्यांची संख्या फार मोठी आहे. नोव्हेंबर १९६८ मध्ये निघालेली लंडन–सिडनी मॅरेथॉन काबूल, दिल्ली करत मुंबईला आली. इथून गाड्या ‘चुसान’ बोटीवर चढवून ऑस्ट्रेलियात फ्रीमँटलला उतरवल्या आणि अँड्र्यू कोवनने हिलमन हंटर चालवत ती जिंकली. मुंबईच्या इतिहासातला हा केवढा चमत्कारिक प्रसंग! तो डोळ्यांपुढे उभा करायचा तर आज जुन्या छायाचित्रांचाच आधार आहे. मुंबईच्या नझीर हुसेन यांच्या पुढाकाराने १९८० च्या दशकात झालेली हिमालयन रॅली, १९९९ पासूनची रेड द हिमालय, नाशिकच्या माळांवर झालेल्या राष्ट्रीय स्पर्धेच्या फेऱ्या, यांची हकीकतही त्याहून वेगळी नाही. केनियातली सफारी रॅली १९५३ पासूनची. तिथल्या भारतीय वंशाच्या जोगिंदर सिंग यांनी ती तीनदा जिंकली, शेखर मेहता यांनी पाचदा. गुडघाभर लाल चिखलातून निघालेल्या त्यांच्या गाड्या आपण ओळखतो त्या छायाचित्रांमुळे. नैरोबीत पंजाबी कुटुंबात जन्मलेल्या मोहम्मद अमीन यांनी उमेदवारीच्या काळात याच रॅलीची छायाचित्रे काढली, आणि १९८४ मध्ये इथिओपियाच्या दुष्काळाची दृश्ये जगापुढे आणणाऱ्यांत ते अग्रभागी होते. चिखलात थांबून गाडीची वाट पाहण्याचा सराव पुढे अशाही कामी येतो. क्रीडा छायाचित्रणाला हलके समजणाऱ्या संपादकांनी हे ध्यानात घ्यायला हरकत नाही.

आता धोक्याकडे वळतो, कारण जागेचा प्रश्न इथे सर्वांत कठोर होतो. १९८२ ते १९८६ या काळातल्या ग्रुप बी या वर्गातल्या गाड्या, म्हणजे ऑडी क्वाट्रो, प्यूजो २०५ टी १६, लान्सिया डेल्टा एस ४, यांचा काळ रॅलीच्या छायाचित्रांचा सुवर्णकाळ समजला जातो. त्या चित्रांत रस्ता दिसत नाही. माणसांची भिंत दिसते आणि गाडीसमोर ती ऐनवेळी फाटताना दिसते. मार्च १९८६ मध्ये पोर्तुगालला सिंट्राजवळ फोर्ड आरएस २०० गर्दीत घुसली, तीन प्रेक्षक ठार झाले आणि तीसहून अधिक जखमी. दोन महिन्यांत कॉर्सिकात चालक हेन्री टोइव्होनेन आणि त्याचा को-ड्रायव्हर सर्जिओ क्रेस्टो गाडीत जळून गेले, आणि त्या वर्षाअखेर ग्रुप बी बंद झाला. या पार्श्वभूमीवर छायाचित्रकारांवर असा आरोप होतो की गाडीला हात लावता येईल इतक्या जवळ उभे राहणे म्हणजे मर्दुमकी, हे प्रेक्षकांना शिकवले कुणी? चित्रांनीच ना? हा आक्षेप मला पुरता खोडता येत नाही. चित्र छापले जाते, पाहणारा पुढच्या वर्षी त्याच वळणावर त्याच जागी उभा राहतो, आणि त्याच्या हातात चारशे मिलिमीटरची लेन्स नसते, फोन असतो. खरा घोटाळा इथेच आहे. लांब पल्ल्याची लेन्स अंतर गिळते. साठ मीटरवरून काढलेले चित्र सहा मीटरवरून काढल्यासारखे दिसते. पाहणारा त्यात छायाचित्रकाराचे धाडस वाचतो, तर प्रत्यक्षात तो वळणाच्या आतल्या बाजूला, रस्त्यापेक्षा उंचावर, मागे पळायला वाट ठेवून उभा असतो. घसरलेली गाडी वळणाच्या बाहेरच्या बाजूला फेकली जाते, हे या धंद्यातले पहिले बाळकडू. सगळेच ते पाळतात असा माझा दावा नाही. बाहेरच्या बाजूने गाडी अंगावर येताना दिसते आणि तसे चित्र खपते; पण ज्यांची कामे वीस-वीस वर्षे टिकली त्यांच्या चित्रांत गाडी जवळ दिसते आणि माणूस लांब उभा असतो, ही गोष्ट काही योगायोगाची नव्हे.

भारतात या धोक्याला आणखी एक पदर आहे. रस्ता कागदावर बंद होतो, पण त्या रस्त्याने रोज शेतावर जाणाऱ्या माणसाला तो बंद आहे हे पटतेच असे नाही. सप्टेंबर २०१९ मध्ये राजस्थानात राष्ट्रीय रॅलीच्या स्टेजवर एक दुचाकी आली आणि स्पर्धेतल्या गाडीची धडक बसून तिच्यावरचे तिघे मृत्युमुखी पडले. अशा ठिकाणी प्रेसचे जॅकेट घातलेला माणूस गावकऱ्यांना अधिकारी वाटतो. तो जिथे उभा आहे तिथे उभे राहणे सुरक्षित, असा अर्थ ते काढतात. त्याच्या जागेला त्यामुळे आपोआप एक जबाबदारी चिकटते, तिचे मानधन कुणी देत नाही. पगारी छायाचित्रकाराला मागे सर म्हणून सांगणारा संपादक निदान कल्पनेत तरी असतो. फ्रीलान्सरला मागे सरायचे ते स्वतःच्या हिमतीवर, आणि चित्र हुकले तर त्या दिवसाच्या कमाईवर पाणी सोडून.

रॅलीपुरतेच हे खरे असते तर मी इतका पसारा मांडला नसता. वारीतले रिंगण घ्या. चांदोबाच्या लिंबाजवळ माउलींच्या पालखीचे पहिले उभे रिंगण होते तेव्हा अश्व एकदा जातो आणि एकदा परततो. मधल्या वाटेच्या दोन्ही अंगांना हजारो वारकरी असतात, आणि त्यांतून कॅमेरा कुठे शिरवायचा याचा विचार पहाटे झालेला नसेल तर हाती टाळांशिवाय काही लागत नाही. डिसेंबर २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या परवानगीने पुन्हा सुरू झालेल्या बैलगाडा शर्यतींत घाटावरचा खेळ काही सेकंदांचा असतो. तिथले जाणते छायाचित्रकार शर्यत सुटण्याच्या टोकाला थांबायचे की निशाणाच्या, यावरून ओळखू येतात. एकाला जुंपलेल्या बैलांचा आवेश मिळतो, दुसऱ्याला मालकाचा चेहरा. महाराष्ट्रातले पुष्कळसे रॅली छायाचित्रकार अशाच घाटांवर, दहीहंडीत, कुस्तीच्या फडांत आणि हंगाम नसेल तेव्हा लग्नांत काम करतात. लग्नाचा उल्लेख हसण्यावारी नेऊ नये. सप्तपदीही एकदाच होते.

आणि आता पैसा. लांब पल्ल्याची एक चांगली लेन्स आज दहा लाख रुपयांच्या पुढे जाते. दोन कॅमेरे, पेट्रोल, लॉजचे भाडे, धुळीने खाल्लेल्या सेन्सरची साफसफाई, विमा मिळाला तर विमा; हे सगळे पहिले चित्र विकले जाण्यापूर्वी खर्च झालेले असते. समोरच्या बाजूला काय दिसते? गाड्या बनवणाऱ्या कंपन्या आणि मोठे प्रायोजक आपली छायाचित्रे बातमीसाठी फुकट वाटतात, तासाभरात वाटतात, आणि ती उत्तम असतात. मासिकाने विकत का घ्यावे? भरीला हौशी मंडळी आहेत, त्यांना आत जायचा पास हेच मानधन वाटते. तेव्हा बाजार ठरवील ते खरे, त्यात रडायचे काय, असे म्हणणारे पुष्कळ भेटतात. त्यांचे म्हणणे मला मान्य आहे, फक्त बाजार काय ठरवतो ते त्यांनी पुरते पाहावे. पैसे देणाऱ्या कंपनीला बोनेटवरचे नाव वाचता यायला हवे असते. त्यासाठी गाडी समोरून तिरपी, ऊन छायाचित्रकाराच्या पाठीशी, शटर जलद. हे चित्र वाईट नसते, पण ते सगळ्या रॅलींत, सगळ्या वर्षांत एकच असते, आणि त्याची जागा कंपनीने नेमलेली असते. स्वतंत्र माणूस हे चित्रही काढतो, कारण त्यावर त्याची चूल पेटते. आघाडीच्या गाड्या येतात तेव्हा तो हिशेबाने तेच काढतो. मग त्या गेल्या की उठून दुसऱ्या जागी जातो, शटर उतरवतो, उलट्या उन्हात प्रयोग करतो. यात एक गंमत होते. बक्षिसाची आशा नसलेल्या, घरचे पैसे घालून उतरलेल्या मागच्या चालकांच्या वाट्याला बरेचदा सर्वांत देखणी चित्रे येतात. त्यांतली काही तेच विकत घेतात आणि घरात लावतात. या छोट्या खरेदीवर किती फ्रीलान्सर तगून आहेत हे मोठ्या कंपन्यांच्या जाहिरात विभागांना ठाऊक नसावे.

स्वातंत्र्य म्हणून मिरवलेली ही गोष्ट खरे तर असुरक्षित मजुरी आहे, तिचे गोडवे कशाला, असाही प्रश्न येतो. मी गोडवे गात नाही. फ्रीलान्सिंग ही जोखमीची वाटणी आहे: चुकीच्या जागेचा तोटा ज्याने सोसायचा, बरोबर जागेचा लाभही त्याचा व्हावा, एवढाच त्यातला न्याय. आपला कायदाही नेमकी हीच रेघ ओढतो, हे फारसे कुणाच्या लक्षात येत नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १७ प्रमाणे चित्राचा पहिला मालक ते काढणारा. पण कुणाच्या सांगण्यावरून, मोबदला घेऊन काढलेल्या छायाचित्राची मालकी, उलट करार नसेल तर, सांगणाऱ्याकडे जाते. म्हणजे स्वतःच्या पेट्रोलने जाऊन, स्वतः जागा निवडून काढलेले चित्र छायाचित्रकाराचे. आणि दिवसाचे पैसे ठरवून बोलावले असेल तर, त्याने तोंड उघडून काही लिहून घेतले नाही तर, बोलावणाऱ्याचे. कलम १९ सांगते की हक्क देणे लेखी असले पाहिजे, आणि मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षांची धरावी, प्रदेश लिहिलेला नसेल तर भारतापुरता. कायद्याने इतके हातात दिले असताना ते सोडून देणारे करार रोज होतात. रॉबर्ट कापा, आंरी कार्तिए-ब्रेसाँ आणि त्यांच्या सोबत्यांनी १९४७ मध्ये मॅग्नम ही सहकारी संस्था काढली, तिच्या मुळाशी चित्राची मालकी काढणाऱ्याकडे राहावी हीच मागणी होती; आणि ती माणसे काही भोळी नव्हती. ग्रुप बीच्या काळात ज्यांनी निगेटिव्ह स्वतःकडे ठेवल्या त्यांच्या चित्रांची आज पुस्तके निघतात, दिनदर्शिका निघतात. त्या वेळी त्यांची किंमत मासिकाच्या अर्ध्या पानाएवढी होती. २०१२ च्या दुरुस्तीने भारतात छायाचित्रांसाठीची वेगळी मुदत गेली. आता काढणाऱ्याच्या हयातीनंतर साठ वर्षे संरक्षण मिळते. तीस वर्षांच्या माणसाने आज काढलेले चित्र, तो ऐंशीपर्यंत जगला तर, एकशे दहा वर्षे त्याचे आणि त्याच्या वारसांचे राहील. ‘सर्व हक्क, कायमचे, जगभर’ एवढे चार शब्द असलेल्या पावतीवर सही केली की ही एकशे दहा वर्षे एका दिवसाच्या बिलात जातात.

हे पुस्तक या सगळ्याची पद्धतशीर माहिती देण्यासाठी आहे आणि त्याचा क्रम वरच्या विचारांतून आला आहे. पहिले प्रकरण नकाशा आणि उन्हाची दिशा वाचण्याचे, दुसरे स्टेजवर उभे राहण्याच्या नियमांचे, तिसरे करारपत्रांचे. कॅमेऱ्याचे प्रकरण शेवटी ठेवले आहे. ते सर्वांत लहान आहे आणि सर्वांत आधी जुने होईल.